लाल इंडिकेटरची गाडी जर्मनीत: मागच्या दिव्यांच्या रूपांतराचे एक प्रकरण

मिशिगन राज्यात नोकरी करणारे पुण्याचे एक अभियंता दक्षिण जर्मनीत बदलून गेले, तेव्हा त्यांनी आपली २०१२ सालची सेडान जहाजाने सोबत नेली. स्थलांतर करणाऱ्याने निदान सहा महिने स्वतः वापरलेली गाडी घरसामानाचा भाग म्हणून आणली, तर युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे तिच्यावर आयातशुल्क लागत नाही. मात्र पुढील बारा महिने ती विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. एरवी १० टक्के सीमाशुल्क आणि त्यावर जर्मनीचा १९ टक्के कर भरावा लागला असता, त्यामुळे गाडी नेण्याचा निर्णय हिशेबाला धरूनच होता. अडचण आली ती नोंदणीआधीच्या तांत्रिक तपासणीत. इंजिन, ब्रेक आणि धूर यांचे प्रश्न कागदपत्रांवर सुटले; उरले ते दिवे, आणि त्यांतही मुख्यतः मागचे. वाहनांच्या प्रकाशयोजनेवर काम करत असल्यामुळे या रूपांतराची आखणी माझ्याकडे आली. गाडीच्या कंपनीचे नाव इथे दिलेले नाही, कारण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या असंख्य गाड्यांची मागची रचना अशीच असते आणि प्रश्न त्या रचनेचा आहे.

मूळ रचना

गाडीच्या दोन्ही मागच्या कोपऱ्यांवर लाल काचेचा एकेक मोठा दिवा होता. आत दोन फिलामेंटचा एकच बल्ब. मंद फिलामेंट रात्री टेललॅम्प म्हणून सतत जळे, आणि प्रखर फिलामेंटकडे दोन कामे होती: ब्रेक दाबला की स्थिर पेटणे आणि वळण्याचा इशारा दिला की उघडझाप करणे. चालकाने ब्रेक दाबून डावीकडे इशारा दिला, तर उजवा दिवा स्थिर लाल राही, डावा लाल उघडझाप करी आणि काचेमागचा मधला तिसरा ब्रेकलाइट स्थिर लाल राही. डिकीच्या झाकणावर मागे घेण्याचे दोन पांढरे दिवे होते. बंपरच्या दोन्ही बाजूंना लाल साइड मार्कर, म्हणजे बाजूने गाडी दिसावी म्हणून लावलेले छोटे दिवे, होते. मागचा फॉग लॅम्प नव्हता आणि पुढच्या चाकांच्या वर बाजूचे इंडिकेटरही नव्हते.

अमेरिकेत हे सारे पूर्णपणे कायदेशीर आहे. तिथल्या संघीय मानक क्रमांक १०८ नुसार मागचा इंडिकेटर लाल किंवा पिवळा, कोणत्याही रंगाचा चालतो. त्याच मानकात प्रवासी गाडीच्या मागच्या इंडिकेटरची प्रकाशित काच निदान ५० चौरस सेंटिमीटर असावी अशी अट आहे, आणि तिचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. युरोपीय गाड्यांतील पिवळा कप्पा पुष्कळदा याहून लहान असतो. अशी गाडी अमेरिकेत पाठवताना कंपनीला एकतर कप्पा मोठा करावा लागतो, नाहीतर ब्रेकलाइटची मोठी लाल काचच इंडिकेटर म्हणून वापरावी लागते. दुसरा मार्ग स्वस्त पडतो, म्हणून घरी पिवळा इशारा देणारी जर्मन गाडी अमेरिकेत लाल इशारा देताना दिसते.

माझ्या मते ही सवलत अमेरिकेने केव्हाच काढून घ्यायला हवी होती. तिथल्याच महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पिवळे इंडिकेटर असलेल्या गाड्यांना वळताना, मार्गिका बदलताना किंवा कडेला लागताना मागून धडक बसण्याचे प्रमाण लाल इंडिकेटरच्या गाड्यांपेक्षा सुमारे ५.३ टक्क्यांनी कमी असल्याचे आढळले. आकडा लहान दिसतो, पण तो केवळ काचेच्या रंगाने मिळणारा फायदा आहे. मागच्या चालकाला एकाच लाल ठिपक्यावरून ‘थांबतो आहे’ आणि ‘वळतो आहे’ हे दोन वेगळे अर्थ काढावे लागतात, आणि पहिली उघडझाप पूर्ण होईपर्यंत दोन्ही इशारे सारखेच दिसतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे सरकते.

कोणता नियम लागू होतो

जर्मनी १९५८ च्या जिनिव्हा करारातील देश आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाखाली चालणाऱ्या या करारानुसार प्रत्येक दिव्याला मान्यता मिळाल्यावर त्याच्या काचेवर वर्तुळातले ‘ई’ अक्षर आणि मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक येतो: १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स. दिवे गाडीवर कुठे आणि कसे बसवायचे हे नियम क्रमांक ४८ सांगतो, इंडिकेटरची तेजस्विता व रंग क्रमांक ६, टेललॅम्प व ब्रेकलाइट क्रमांक ७ आणि मागचा फॉग लॅम्प क्रमांक ३८. यातले उपकरणांचे बरेच नियम आता क्रमांक १४८ मध्ये एकत्र आले आहेत, तरी कार्यशाळांतून जुने क्रमांकच बोलले जातात. अमेरिका या करारात नाही. तिथे उत्पादक स्वतःच प्रमाणित करतो आणि काचेवर ‘डी.ओ.टी.’ (तिथल्या परिवहन खात्याची आद्याक्षरे) ही अक्षरे उमटवतो. त्यामागे कोणत्याही शासकीय प्रयोगशाळेचा पूर्वपरवाना नसतो. जर्मन तपासनीस या अक्षरांना मान्यतेचा पुरावा मानत नाही, आणि दोन पद्धतींतला फरक पाहता त्याला दोष देता येत नाही.

भारताची जागा या दोहोंच्या मधली आहे. भारत १९५८ च्या करारात नाही, १९९८ च्या जागतिक करारात आहे. पण दिव्यांच्या मांडणीसाठीचे आपले मानक, म्हणजे ए.आय.एस. ००८, बहुतांशी युरोपीय नियमाच्या वळणाने जाते, आणि पुण्याच्या ए.आर.ए.आय. या वाहन-संशोधन संस्थेत गाड्यांची तपासणी त्यानुसार होते. पिवळ्या इंडिकेटरची सक्ती आपल्याकडेही आहे. गाडीच्या मालकांना जर्मन मागणी पहिल्या दिवसापासून रास्त वाटली, याचे एक कारण ते पुण्यात गाडी शिकले होते हे असावे.

जर्मन कायद्यात जुन्या गाड्यांना सूट आहे: १ जानेवारी १९७० पूर्वी रस्त्यावर आलेल्या गाडीला मागचे लाल इंडिकेटर ठेवता येतात. २०१२ च्या गाडीला तिचा उपयोग नव्हता. दुसरा मार्ग होता वाहन परवाना नियमावलीतील कलम ७० खाली राज्य प्रशासनाकडून अपवाद मागण्याचा. स्थलांतराच्या सामानातील गाड्यांच्या बाबतीत असे अपवाद मिळू शकतात, आणि ‘लाल इंडिकेटरसाठीच अपवाद मागा’ असे मालकांना काही परिचितांनी सुचवलेही होते. मी तसे न करण्याचा आग्रह धरला. जर्मन चालकाच्या नजरेला मागचा लाल प्रकाश वळण्याचा अर्थ देत नाही; कागदावर मिळालेल्या अपवादाने मागून येणाऱ्याची ती सवय बदलणार नव्हती. अपवाद मागायचा तर तो फक्त टेललॅम्प आणि ब्रेकलाइट यांच्यावर ‘ई’ खूण नसल्याबद्दल मागावा, कारण त्या दोन कामांचा अर्थ दोन्ही देशांत एकच आहे, असे ठरले.

नाकारलेले पर्याय

लाल काचेमागे पिवळा बल्ब बसवण्याची सूचना प्रत्येक वेळी कोणीतरी करतोच. लाल काच ही गाळणी आहे; ती पिवळ्या प्रकाशातील तांबड्याकडचा थोडा भाग सोडते आणि बाकीचा शोषते. बाहेर येतो तो लालच प्रकाश, तोही आधीपेक्षा क्षीण.

काच कापून तिथे पिवळे प्लास्टिक चिकटवण्याचे काम सफाईने करणारे कारागीर आहेत, पण कापलेल्या दिव्याची तेजस्विता कोणत्या कोनात किती आहे हे मोजल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. नियमाप्रमाणे एकाच तेजस्वितेच्या मागच्या इंडिकेटरला अक्षावर, म्हणजे सरळ मागच्या दिशेने, निदान ५० कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) लागतात, आणि ठरावीक प्रमाणात घटत जाणारा प्रकाश आडव्या पातळीत आतल्या बाजूला ४५ अंशांपर्यंत व बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत दिसावा लागतो. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल काढण्याचा खर्च नव्या दिव्यांच्या किमतीच्या कितीतरी पट झाला असता, शिवाय जोडातून ओल शिरण्याची भीती कायमची राहिली असती.

तिसरा पर्याय सर्वांत मोहक होता. डिकीवरच्या पांढऱ्या रिव्हर्स दिव्यात पिवळा बल्ब घालायचा आणि रिव्हर्ससाठी बंपरखाली नवा दिवा लावायचा, असा हा मार्ग असून अमेरिकेहून आलेल्या अनेक गाड्यांवर तो केलेला आढळतो. इथे तो तीन कारणांनी टिकला नाही. नियमाप्रमाणे इंडिकेटरची बाहेरची कड गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४०० मिलिमीटरच्या आत हवी. डिकीवरचा दिवा त्याहून आत होता. रिव्हर्स दिव्याचा परावर्तक मागची जमीन उजळण्यासाठी घडवलेला असतो, शेजारच्या मार्गिकेत मागे असलेल्या चालकापर्यंत प्रकाश पोहोचवण्यासाठी नव्हे. आणि डिकीचे झाकण हा हलणारा भाग आहे. झाकण उघडल्यावरही टेललॅम्प, इंडिकेटर आणि मागून पडलेला प्रकाश परत फेकणारे लाल परावर्तक आपले काम करत राहिले पाहिजेत, नाहीतर त्यांच्या जोडीला स्थिर भागावर दुसरे दिवे हवेत, असे नियम ४८ सांगतो. रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या गाडीची डिकी उघडी आहे आणि चारही इंडिकेटर चालू आहेत, हा प्रसंग दुर्मीळ नाही. नेमक्या त्याच वेळी दिवे आकाशाकडे तोंड करून लुकलुकले तर त्यांचा उपयोग काय?

म्हणून बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांवर, ब्रेकलाइटच्या खाली, ‘ई’ खूण असलेले स्वतंत्र पिवळे इंडिकेटर बसवायचे ठरले. काचेवर ‘२ ए’ ही खूण पाहून ते निवडले. ती स्थिर तेजस्वितेचा मागचा इंडिकेटर दर्शवते. उंचीची किमान मर्यादा ३५० मिलिमीटर आहे आणि बंपर त्याच्या वर होता. दिवा ७५० मिलिमीटरपेक्षा खाली असला की क्षितिजाखालील दृश्यकोन १५ ऐवजी ५ अंश चालतो, त्यामुळे बंपरच्या कडेचा अडथळा उरला नाही. खरा वेळ गेला तो बाहेरच्या ८० अंशांसाठी. बंपर कोपऱ्याला वळत जातो. दिवा थोडा आत सरकला की त्याच वळणाने बाजूचा प्रकाश झाकला जातो. पुठ्ठ्याचे साचे करून जागा अगदी कडेला नेली, तेव्हा कोन मोकळा झाला. त्यात पी.वाय. २१ डब्ल्यू हा २१ वॅटचा पिवळा बल्ब बसतो. त्याच्या बुडावरच्या दोन पिना समोरासमोर नसून १५० अंशांवर असतात, त्यामुळे पुढे कोणी घाईत साधा पांढरा बल्ब घालू पाहील तर तो होल्डरमध्ये बसणारच नाही. इतक्या साध्या युक्तीने एवढी मोठी चूक टाळणारे प्रमाणीकरण मला फार मोलाचे वाटते.

तारांचे काम

दिवे बसवणे हा कामाचा सोपा भाग होता. गाडीचा बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिव्यांसारखी विजेची उपकरणे चालवणारा छोटा संगणक, मागच्या प्रत्येक कोपऱ्याला प्रखर फिलामेंटसाठी एकच तार पाठवत होता आणि ब्रेक व वळण यांची सरमिसळ त्याच्या आतच, सॉफ्टवेअरमध्ये होत होती. मागच्या तारांतून शुद्ध ब्रेक किंवा शुद्ध इंडिकेटर मिळणे शक्य नव्हते. ब्रेक पेडलचा संकेत मॉड्यूलपासून तोडण्याचा विचारही करता येत नव्हता, कारण तोच संकेत ए.बी.एस., क्रूझ कंट्रोल आणि गिअरचे कुलूप यांना लागतो.

शुद्ध ब्रेकचा संकेत मधल्या तिसऱ्या ब्रेकलाइटच्या तारेत मिळाला. अमेरिकेत १ सप्टेंबर १९८५ नंतर बांधलेल्या प्रत्येक प्रवासी गाडीला हा दिवा सक्तीचा आहे आणि तो कधीच उघडझाप करत नाही. त्याच्या तारेवरून एक रिले (विजेच्या संकेताने चालणारा स्विच) चालवून, स्वतंत्र फ्यूज असलेल्या पुरवठ्यातून दोन्ही कोपऱ्यांची प्रखर फिलामेंटे पेटवली. शुद्ध इंडिकेटर पुढच्या दिव्यांच्या तारांत होता. तिथून डावी आणि उजवी अशा दोन संकेत-तारा मागे आणल्या.

यानंतर खरी गाठ आली. मॉड्यूलच्या मूळ मागच्या तारांना आता बल्ब जोडलेला नव्हता, म्हणून बल्ब जळाला असे समजून तो इंडिकेटर दुप्पट वेगाने चालवू लागला. नियमाप्रमाणे वेग मिनिटाला ९० उघडझापांच्या ३० अलीकडे-पलीकडे, म्हणजे ६० ते १२० असावा लागतो. बाजारात यावर सर्रास दिला जाणारा उपाय म्हणजे बल्बच्या जागी सुमारे ६ ओहमचा रोधक जोडणे. १२ व्होल्टवर त्यातून २ अँपिअर प्रवाह जातो, मॉड्यूलचे समाधान होते आणि वेग मूळ पदावर येतो. परंतु मॉड्यूलला त्यानंतर नेहमी सगळे ठीकच दिसते. उद्या मागचा पिवळा बल्ब जळाला, तरी चालकाला काहीही कळणार नाही, आणि इंडिकेटर निकामी झाला तर डॅशबोर्डवरच्या खुणेतून ते कळलेच पाहिजे, अशी नियम ४८ ची स्पष्ट अट आहे. बंपरच्या प्लास्टिकजवळ तापणारा रोधक ही वेगळी काळजी. या उपायाला मी कधीच होकार देत नाही. मागच्या माणसाला इशारा मिळतो आहे असा खोटा भरवसा चालकाला देणारी जोडणी ही न केलेल्या जोडणीपेक्षा वाईट.

त्याऐवजी प्रत्येक बाजूला एक लहान नियंत्रक बसवला. तो पुढच्या तारेतला संकेत ऐकून पिवळा बल्ब चालवतो आणि त्या बल्बमधून खरोखर सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह जातो की नाही ते मोजत राहतो. प्रवाह जात असेल तोवर तो मॉड्यूलच्या जुन्या तारेवर भार दाखवतो. बल्ब गेला की तो भार काढून घेतो, आणि मॉड्यूल आपल्या मूळ पद्धतीने वेगवान उघडझाप करून चालकाला सावध करतो. गाडीतील मूळ इशाऱ्याची व्यवस्था अशा रीतीने नव्या दिव्यासाठीही जिवंत राहिली. नियंत्रकाचा पुरवठा इग्निशनवर न ठेवता कायमचा ठेवला, कारण किल्ली काढल्यावरही धोक्याचे चारही दिवे चालले पाहिजेत.

फॉग लॅम्प

मागचा फॉग लॅम्प जर्मनीत १ जानेवारी १९९१ पासून नोंदलेल्या गाड्यांना सक्तीचा आहे. तो वापरायचा केव्हा, याचा नियमही कडक आहे: धुक्यामुळे दृश्यता ५० मीटरच्या खाली गेली तरच, आणि तेव्हा गाडीचा वेगही ताशी ५० किलोमीटरपेक्षा जास्त नको. या कडकपणामागचे कारण आकड्यांत दिसते. टेललॅम्पची अक्षावरील किमान तेजस्विता ४ कँडेला असते, फॉग लॅम्पची १५०. दाट धुक्यात तो जीव वाचवतो. स्वच्छ रात्री तोच मागच्या चालकाचे डोळे दिपवतो आणि ब्रेकलाइट ओळखणे अवघड करतो. म्हणूनच दोहोंमध्ये १०० मिलिमीटरहून अधिक अंतर ठेवण्याची अट आहे. आपल्याकडे पावसाळ्यात घाट चढणाऱ्या कोणालाही धुक्यातल्या मागच्या लाल दिव्याचे मोल सांगावे लागत नाही.

एकच फॉग लॅम्प लावायचा असल्यास तो गाडीच्या मध्यावर किंवा चालकाच्या बाजूला हवा. उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या जर्मनीत म्हणजे डावीकडे. बंपरच्या खालच्या भागात, जमिनीपासून २५० ते १००० मिलिमीटरच्या पट्ट्यात, तो सहज बसला. बटणाची निवड मात्र विचारपूर्वक करावी लागली. साधे दाबून राहणारे बटण वापरले असते, तर चालक ते बंद करायला विसरल्यावर दुसऱ्या दिवशी स्वच्छ उन्हातही हेडलाइट लावताच फॉग लॅम्प पेटला असता. नियमाला हे मान्य नाही. म्हणून क्षणिक दाबाचे बटण आणि स्वतःला धरून ठेवणारा रिले अशी जोडणी केली: हेडलाइट चालू असल्याशिवाय दिवा लागत नाही, आणि गाडीचे दिवे एकदा बंद झाले की तो मुद्दाम पुन्हा लावावा लागतो. डॅशबोर्डवर त्याची पिवळी खूण बसवली.

उरलेली कामे छोटी होती. बंपरच्या बाजूचे लाल साइड मार्कर वेगळे एकटे होते, आणि बाजूचा लाल दिवा मागच्या दिव्यांच्या गटात असल्याशिवाय युरोपीय नियमात बसत नाही, त्यामुळे त्यांची जोडणी काढून टोके बंद केली. ‘आय.ए.’ खुणेचे दोन लाल परावर्तक मागे लावले, पुढच्या मडगार्डांवर बाजूचे इंडिकेटर बसवले. ३०५ मिलिमीटर रुंदीच्या अमेरिकी पाटीसाठी घडवलेल्या खोबणीत ५२० मिलिमीटरची जर्मन पाटी मावेना, तेव्हा दोन ओळींची पाटी घेतली आणि ती रात्री २० मीटरवरून वाचता येईल असे दोन मान्यताप्राप्त दिवे तिच्यावर दिले. रिव्हर्सचे पांढरे दिवे होते तसेच राहिले.

तपासणी

तपासनिसाने टेपने अंतरे मोजली, प्रत्येक नव्या काचेवरची खूण लिहून घेतली, डिकी उघडी ठेवून दिवे लावायला सांगितले आणि ब्रेक दाबलेला असताना दोन्ही बाजूंचे इशारे पाहिले. मग त्याने स्वतःहून मागच्या डाव्या इंडिकेटरचा बल्ब काढायला लावला. डॅशबोर्डवरची खूण वेगाने लुकलुकू लागली, तेव्हा त्याने नियंत्रकाचा आराखडा मागून घेतला आणि तो अहवालाला जोडला. कोपऱ्यांवरच्या मूळ लाल दिव्यांना ‘ई’ खूण नसल्याचा मुद्दा त्याने नोंदवला, पण आता ते फक्त टेललॅम्प आणि ब्रेकलाइट असल्यामुळे आणि त्यांची जागा, रंग व दृश्यता समाधानकारक असल्यामुळे अपवादाची शिफारस केली. राज्य प्रशासनाने तो दिला आणि त्याची नोंद वाहनाच्या कागदांत झाली.

मालकांना आम्ही दोन गोष्टी लिहून दिल्या. मागच्या कोपऱ्यांतील बल्ब अमेरिकी क्रमांकाचे असून ते जर्मनीतील साध्या दुकानांत मिळतीलच असे नाही, म्हणून एक जोडी गाडीत ठेवावी. आणि त्यांच्या जागी एल.ई.डी. बल्ब घालू नयेत, कारण परावर्तक फिलामेंटच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला आहे. वायरिंगचा आराखडा, अपवादाची प्रत आणि नव्या दिव्यांच्या खुणांची यादी गाडीतच राहील, कारण दर दोन वर्षांच्या मुख्य तपासणीला समोर येणारा तपासनीस दुसरा असेल आणि डिकीच्या अस्तरामागचा तो जास्तीचा नियंत्रक कशासाठी आहे, हे त्याने विचारणे अगदी योग्य ठरेल.